शिवेवर तुटणाऱ्या पाणंदी जोडा : द्राक्षपट्ट्यातल्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
निफाड आणि दिंडोरी तालुक्यांच्या द्राक्षपट्ट्यातील सर्व सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामस्थ

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत सायकल काढायची, तुमच्या शिवारातून फिरायचं आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं, हा माझा आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांचा नेम आहे. तुम्ही आम्हाला ओळखत असाल. डोक्यावर हेल्मेट, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा, फाट्यावरच्या चहाच्या टपरीला टेकवून ठेवलेल्या पाच-सहा सायकली. हे पत्र आमदारांना किंवा बांधकाम खात्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय. जे मागायचं आहे त्याची सुरुवात तुमच्याच हातात आहे, आणि त्याचा पहिला लाभही तुमच्याच माणसांना आहे.

मागणं थोडक्यात सांगतो. पाणंद रस्त्यांची, म्हणजे शिवारातल्या शेतरस्त्यांची, कामं गावोगाव चालू आहेत. ती गावाच्या शिवेवर थांबवू नका. शेजारच्या गावच्या सरपंचांबरोबर बसा आणि तुमची पाणंद त्यांच्या पाणंदीला जोडून घ्या. असं गावामागून गाव जोडलं गेलं, तर महामार्गावर पाय न ठेवता सायकलवर चांदोरीहून विंचूरला जाता येईल आणि मोहाडीहून पिंपळगावला. शाळेतल्या मुलीला जाता येईल, छाटणीला निघालेल्या बाईला जाता येईल, आणि आम्हालाही.

आज काय होतं ते बघा. आपल्या भागातून दोन मोठे रस्ते जातात. एक आग्रा महामार्ग, ओझर-पिंपळगाव-चांदवडवरून. दुसरा छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा, चांदोरी-निफाड-विंचूरवरून. बाकी सगळी गावं या दोन रस्त्यांच्या मध्ये आणि दोन्ही अंगांना पसरलेली आहेत. गावातून मोठ्या रस्त्यावर यायला बहुतेक ठिकाणी चांगलं डांबर आहे. पण शेजारच्या गावाला जायचं म्हटलं, की तेच डांबर धरून आधी मोठ्या रस्त्यावर या, तिथे कंटेनर आणि ट्रॅव्हल्सच्या गर्दीत काही अंतर काढा आणि मग पुढच्या फाट्याला आत वळा. समोर हाकेच्या अंतरावर ज्या गावाच्या देवळाचा कळस दिसतो, तिथे पोचायला असा वळसा पडतो.

त्या मोठ्या रस्त्यावर सायकल चालवणं काय असतं, ते तुमच्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. साइडपट्टी म्हणून जी काही पट्टी असते ती डांबरापासून वीतभर खाली खचलेली. पांढऱ्या रेषेच्या बाहेर जावं तर चाक घसरतं, आत राहावं तर मागून हॉर्न. एका सकाळी भरधाव गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. गाडीवाल्याला ते कळलंही नसेल. मी पडलो नाही, पण पुढे बराच वेळ हँडल धरलेले हात थरथरत होते. उसाच्या दिवसांत तर अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या जोड ट्रॉल्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. माझ्या सायकलला दिवा आहे आणि मी हौसेने आलेलो आहे. दुधाचे कॅन लावून निघालेल्या माणसाकडे बहुधा दिवाही नसतो आणि त्याला घरी बसायची सोयही नसते.

आता पाणंदीवर या.

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात थंडी कशी पडते ते राज्याला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा उतरला की वर्तमानपत्रांत बातमी येते. अशा एका पहाटे मी एका गावातून पाणंदीला लागलो. रस्ता नवा होता, मुरूम छान दाबलेला, दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव. घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून बागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवलेल्या होत्या आणि त्यांचा धूर ओळींमधून कमरेइतक्या उंचीवर तरंगत होता. ड्रिप चालू असल्याचा बारीक आवाज येत होता. एक आजोबा कानटोपी घालून शेकोटीत पाचट सारत होते. त्यांनी विचारलं, "कुठं निघाला?" मी पुढच्या गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "जाल, पण उचलून न्यावी लागेल."

खरंच तसं होतं. शिवेवर मुरूम संपला. सरळ रेषेत संपला, जणू कुणी दोरी धरून आखलं होतं. पुढे बाभळीच्या काट्या टाकलेल्या, त्यापलीकडे कालव्याच्या चारीचं पाणी साठून झालेला चिखल, आणि चिखलाच्या पलीकडे, अगदी समोर, दुसऱ्या गावाने केलेला तितकाच चांगला रस्ता. दोन ग्रामपंचायतींनी दोन बाजूंनी पैसे घालून काम केलं आणि मधला तुकडा कुणाचाच नव्हता. त्या चिखलात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या, सायकलच्याही होत्या आणि चपलांचे ठसे होते. माणसं तिथून जातात. रस्ता नसला तरी त्यांना जावंच लागतं.

असे तुटलेले तुकडे तुमच्या भागात किती आहेत, ते तुमच्या तलाठ्याला आणि रोजगार सेवकाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. गावनकाशा काढून बघा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. या रेषा शिवेला येऊन थांबत नाहीत. शेजारच्या गावाचा नकाशा शेजारी ठेवला की त्या पुढे चालू लागतात. आपल्या आज्या-पणज्या माहेरी जायच्या त्या याच वाटांनी, बाजाराला बैलगाडी जायची ती याच वाटांनी. मोटारी आल्या, बागा बांधापर्यंत आल्या, वाट नांगरली गेली, आणि दोन गावांमधला सरळ संबंध तुटला.

वाट अडवली गेली असेल तर तोडगा कायद्यात आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा दूर करण्यासाठी आहे. रस्ताच नसेल आणि बांधावरून द्यायचा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 आहे. दोन्ही तहसीलदारांकडे. पण माझा अनुभव असा की कागद पुढे केला की भाऊबंद अधिक ताठ होतात. जिथे जिथे वाट मोकळी झालेली मी पाहिली, तिथे आधी पारावर बैठक झालेली होती, दोन्ही गावांची जुनी माणसं बोलावलेली होती, आणि ज्याच्या बांधावरून रस्ता जायचा त्याला "तुझा मालही याच रस्त्याने निघेल" हे नीट समजावलेलं होतं. द्राक्षवाल्याला हे समजावणं त्यातल्या त्यात सोपं आहे. घड भरलेले कॅरेट खड्ड्यातून आदळत गेले की मणी गळतात, त्यांच्यावरची पांढुरकी लव जाते आणि व्यापारी दर पाडतो. चांगली पाणंद ही त्याच्या मालाची किंमत आहे.

पैशाची वाट नाही असंही नाही. 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमी आणि इतर योजनांचा पैसा एकत्र करून कामं निघाली. वित्त आयोगाचा निधी तुमच्याकडे असतो. आराखडा गावापुरता होतो, ही अडचण आहे. दोन गावांनी एकाच ग्रामसभेच्या फेरीत एकमेकांना जुळणारे ठराव केले, आणि दोन्ही ठरावांत शिवेवरचा तो तुकडा गट नंबरासह लिहिला, तर पंचायत समितीत तो एकच रस्ता म्हणून मांडता येतो. मोरीसाठी सिमेंटचे नळे टाकायचे असतील तर तेही दोघांनी मिळून.

"सायकलवाल्यांना डांबर लागेल," असं कुणी म्हणालं तर खोडून काढा. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सायकलींचे टायर अंगठ्यापेक्षा फार जाड नसतात हे खरं. तरीही मुरूम आम्हाला चालतो. फक्त तो रोलरने दाबलेला हवा आणि वर सुटी खडी नको. मूठभर सुटी खडी वळणावर पडलेली असली की पुढचं चाक हमखास जातं. काम झाल्यावर उरलेली खडी रस्त्याकडेला तशीच टाकून ठेकेदार निघून जातो, ती उचलायला लावा. एवढं झालं तर आमची तक्रार नाही. तुमच्या ट्रॅक्टरला, मोटारसायकलला आणि शाळेच्या पोरांना डांबर हवं असेल तर ते तुम्ही मागा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

जगात द्राक्षाच्या गावांनी हे करून दाखवलेलं आहे, म्हणून धीर येतो. फ्रान्समध्ये आल्सास नावाचा प्रांत आहे. डोंगराच्या पायथ्याशी एकापाठोपाठ एक जुनी गावं, प्रत्येक गावाभोवती द्राक्षमळे. 1953 साली त्यांनी या गावांना जोडणारा सुमारे 170 किलोमीटरचा वाइन मार्ग जाहीर केला, तो मोटारींचा. पण त्याला लागून सायकलचा वेगळा मार्ग आहे, आणि त्याचा मोठा भाग नव्याने बांधलेला नाही. मळ्यांमधून जाणारे जे शेतरस्ते होते तेच गावागावांनी एकमेकांना जोडले. रस्त्याच्या तोंडाशी साधी पाटी : शेतकऱ्यांची वाहनं आणि सायकली सोडून इतरांना बंदी. ट्रॅक्टर त्यांचा, वाट त्यांची, काढणीच्या दिवसांत मळ्यांतल्या काही वाटा बाहेरच्यांना सरळ बंद. तरीही रीकविर आणि एगिसहाइमसारख्या छोट्या गावांत सायकलवरून आलेली माणसं मुक्काम करतात, जेवतात, बाटल्या घेऊन जातात.

इटलीत गायोले इन कियांती या गावाने 1997 साली आणखी पुढची गोष्ट केली. तिथल्या टस्कनी भागात द्राक्षमळ्यांमधून पांढऱ्या मातीचे जुने रस्ते आहेत. ते एकेक करून नाहीसे होत होते. ते टिकावेत म्हणून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली, तिचं नाव एरोइका. पहिल्या वर्षी शंभराच्या आतबाहेर माणसं होती. पुढे त्या फेरीसाठी जगभरातून लोक यायला लागले आणि त्या रस्त्यांना किंमत आली. 2007 पासून तिथे व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यतही होते, ती सिएना शहरात संपते.

तुमच्या बागेत दरवर्षी जे निळं बोर्डो मिश्रण फवारलं जातं, त्याची गोष्टही रस्त्यापासूनच सुरू होते. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरू रस्त्याकडेचे घड तोडून खायचे, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. रंग बघून माणूस हात लावत नसे. 1880 च्या दशकात मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या वेली डाउनी या बुरशीच्या रोगाने झडल्या आहेत आणि रस्त्याकडच्या मात्र हिरव्यागार आहेत. त्यातून ते औषध आलं, ते आज ओझरपासून सांगलीपर्यंत चालतं. रस्त्याने जाणारा माणूस आणि बागवाला यांच्यात तेव्हापासून कुरबूर आहे, हे मी मान्य करतो. म्हणून आमच्या बाजूचं आधी सांगतो.

कुणाच्याही बागेतला घड आम्ही तोडणार नाही, तारेला हात लावणार नाही, फोटोसाठी मांडवाखाली शिरणार नाही. फवारणीचा ब्लोअर चालू दिसला की लांबच थांबू आणि ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला वळेपर्यंत वाट बघू. फवारा आमच्याही नाकातोंडात जातो, ते आमच्याही हिताचं आहे. काढणीच्या दिवसांत, वाइनची द्राक्षं पहाटे तोडली जातात आणि पिकअपची घाई असते, तेव्हा पाणंद तुमची. पाटी लावा, आम्ही दुसऱ्या वाटेने जाऊ. पाण्याची बाटली, खाल्लेल्या पुडीचा कागद, पंक्चर झालेली ट्यूब, काही म्हणजे काही टाकणार नाही. आमच्यातला कुणी टाकताना दिसला तर त्याला थांबवा आणि उचलायला लावा, त्याच्या हेल्मेटकडे बघून गप्प बसू नका.

आता वाइनबद्दल. मला माहीत आहे की हा शब्द निघाला की गावात दोन तट पडतात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीपर्यंत नाशिकची द्राक्षं म्हणजे खायची द्राक्षं, एवढंच होतं. 1999 मध्ये गंगापूरजवळ सुला ही वाइनरी उभी राहिली, 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि बघता बघता नाशिकची ओळख बदलली. कुणाच्या शेतातल्या शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षाला हमीचा करार मिळाला, कुणाचा करार मोडला, कुणी वेली उपटून पुन्हा खायची थॉमसन लावली. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा किती वाद झाला ते आपण पाहिलं. ज्या गावात हरिनाम सप्ताह बसतो त्या गावाला दारू पिऊन धिंगाणा घालणारे पर्यटक नको असतील, तर मी त्या गावाच्या बाजूने आहे. गंगापूर रस्त्याला शनिवार-रविवारी संध्याकाळी जी वाहनं निघतात, त्यांच्या भीतीने आम्हीही त्या वेळी तिकडे सायकल घालत नाही. आणि पिऊन सायकल चालवणारा आमच्यात नको, हे आम्ही आमच्या गटांत स्पष्ट ठरवलेलं आहे.

म्हणूनच मी पाणंदी मागतो. शेतरस्त्याने चारचाकी पर्यटक येत नाही. सायकलवर येणारा माणूस हळू येतो, वाटेत चार ठिकाणी थांबतो, भूक लागलेली असते म्हणून खातो. मिसळ खातो, दोनदा चहा घेतो, उसाचा रस पितो, पाठीवरच्या पिशवीत मावतील एवढे बेदाणे घेतो. त्याला मोठं पार्किंग लागत नाही, रिसॉर्ट लागत नाही. त्याला पिण्याचं पाणी आणि स्वच्छ संडास लागतो. बाईमाणूस सायकलवर असेल तर संडास अधिकच लागतो, आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात तो सुट्टीच्या सकाळी कुलूपबंद असतो. ती किल्ली चहावाल्याकडे ठेवायला काय हरकत आहे? आम्ही पैसे देऊ.

आणि तो माणूस गाव बघतो. चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे. पेशव्यांचे दिल्लीतले वकील असलेलं हे घराणं. दिल्ली दरबारातली खडान् खडा बातमी पुण्याला कळवणारी माणसं गोदाकाठच्या या गावची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पात्रातली जुनी देवळं उघडी पडतात. निफाडमध्ये 18 जानेवारी 1842 ला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले. विंचूरला विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं ठाणं, पानिपतावर लढून परत आलेला सरदार. शिरवाडे वणी हे कुसुमाग्रजांचं गाव. मौजे सुकेण्याला महानुभावांचं दत्त मंदिर. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा भेटतात, तिथलं पाणपक्ष्यांचं अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. दिंडोरीच्या अंगाला आशेवाडीजवळचा रामशेज किल्ला, ज्याने 1682 पासून औरंगजेबाच्या फौजा वर्षानुवर्षं झुंजवल्या. एवढी गावं, एवढी माणसं, आणि मोटारीतून जाणाऱ्याला यातलं काय दिसतं? बायपासवरची नावाची पाटी.

विंचूरसारख्या गावात सायकल हातात धरून बोळातून चालत गेलं की जुन्या भिंतींचं वीटकाम बघायला मिळतं. खाली घडीव दगड, वर चपट्या विटा, मध्ये चुन्याची बारीक रेघ, आणि विटांच्या फटीतून वर आलेलं पिंपळाचं रोप. हात लावला तर चुना अजून टणक लागतो. पण पिंपळाने एकदा मुळं धरली की चुन्याचं काही चालत नाही. रोप हातभर असताना उपटलं तर भिंत वाचते. ते उपटायला पुरातत्त्व खात्याची वाट बघावी लागत नाही. खाजगी मालकीचा वाडा असेल तर मालकाला विचारून गावातली मुलं हे काम एका सकाळीत करतील, आणि मनुष्यबळ कमी पडत असेल तर आम्हाला सांगा. वाड्याबाहेर मराठीत चार ओळींची पाटी लावा : कुणाचा, कधीचा, काय घडलं. मजकूर लिहून द्यायला इतिहासाचे जाणकार आमच्यात आहेत. लोखंडाच्या मोठ्या कमानीवर खर्च करू नका.

पण हे सगळं आमच्यासारख्यांसाठी झालं, असा तुमचा समज होऊ नये, म्हणून मुद्द्यावर परत येतो. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, माल निघेपर्यंत बागेत हाताने करायचं काम संपत नाही. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, पानं काढणं, घडांना कागद लावणं. यातलं बरंचसं काम बायका करतात. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, त्या तात्पुरत्या झोपड्यांत किंवा शेडमध्ये राहतात; शेजारच्या गावांतल्या बायका पिकअपमध्ये उभ्या राहून येतात. मागच्या फळीला धरून, एकमेकींना धरून. पिकअप उलटल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि विसरतो. यातल्या कित्येकींचं काम शेजारच्याच गावात असतं. मधली पाणंद चालू असती तर त्या सायकलवर किंवा पायी गेल्या असत्या, आणि पिकअपचं भाडं मजुरीतून गेलं नसतं. एका बाईला मी विचारलं, सायकल येते का? म्हणाली, "येती की. शाळेत असताना सरकारची मिळाली होती. आता रस्ता कुठंय?" मानव विकास कार्यक्रमात ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, शाळा सुटू नये म्हणून. सायकल शिकलेली अशी पिढी आता कामाच्या वयाची झालेली आहे. तिला चालवायला सुरक्षित वाट नाही.

आणि आता घाई करायचं कारण आहे. 2027 चा सिंहस्थ. नाशिक-त्र्यंबकच्या चहूबाजूंनी रस्ते रुंद होताहेत, आणि पर्वणीच्या दिवसांत मुख्य रस्ते तुंबले की मोबाइलवरचा नकाशा गाड्यांना तुमच्या गावातल्या आतल्या रस्त्यांवर वळवणार. चौदा फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बाहेरगावच्या गाड्या आल्या की आज गावात निवांत सायकल चालवणारं पोर घरात बसेल. रुंदीकरणात कडेची चिंच, कडुनिंब, आंबा जातो तो वेगळाच. ज्या रस्त्याला मापात साइडपट्टी आहे, वळणाला आरसा आहे आणि ज्याच्या गतिरोधकावर पांढरे पट्टे मारलेले आहेत, तो रस्ता रुंद न करताही वाहतूक पेलतो. न रंगवलेला गतिरोधक सायकलला आणि मोटारसायकलला सर्वांत घातक. पहाटेच्या धुक्यात तो चाक आपटेपर्यंत दिसत नाही. एक डबा रंग लागतो. गावातल्या पोरांकडून या आठवड्यात मारून घ्या, त्याला ठरावाची गरज नाही.

नाशिकला सायकलचं वेड आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम शर्यत दोघांच्या गटात पुरी केली, सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दरवर्षी शेकडो नाशिककर सायकलवर पंढरपूरला जातात. अशा शहरातून दर रविवारी माणसं निघतात आणि तुमच्या वेशीवर येतात. ती शहरातच घिरट्या घालत नाहीत, कारण तुमचं शिवार सुंदर आहे. छाटणीनंतर उघड्या काड्यांचं, पालवी फुटल्यावर पोपटी झालेलं, आणि फेब्रुवारीत घडांनी लवलेलं. गारपिटीनंतर तेच शिवार बघताना काय वाटतं, ते आम्ही सांगायची गरज नाही. अशा वर्षी रस्त्यात भेटणाऱ्याचा "बाग कशी आहे?" हा प्रश्नही विचारायला जीभ रेटत नाही.

तर येत्या ग्रामसभेत, मग ती 15 ऑगस्टची असो, 2 ऑक्टोबरची, 26 जानेवारीची किंवा 1 मेची, हा विषय पत्रिकेवर घ्या : शिवेवर तुटलेल्या पाणंदींची यादी, प्रत्येकीचा गट नंबर, पलीकडच्या गावाचं नाव. यादी झाली की शेजारच्या ग्रामपंचायतीला पत्र द्या. कालव्याच्या भरावावरून वाट जात असेल, तर पाटबंधारे खात्याच्या परवानगीचा अर्ज त्याच वेळी टाका, त्याला वेळ लागतो. रस्ता चालू झाल्यावर तोंडाशी पाटी लावा : शेतीची वाहनं, पायी आणि सायकल. मोजणीच्या वेळी आम्ही सायकली घेऊन येऊ, दोन्ही गावांचे नकाशे जोडून मोबाइलवर वाट आखून देऊ, कुठे चारी आडवी येते आणि कुठे नळे टाकावे लागतील ते फोटोसह लिहून देऊ. हे काम आम्हाला येतं आणि त्याचे पैसे नकोत. पहिली दोन गावं जी पुढे येतील, त्यांच्या शिवेवरचा मुरूम पसरायला श्रमदानाला आमच्यातली माणसं नक्की असतील. फक्त रविवार धरा आणि घमेली तुमची.

आपला,
नाशिकचा एक सायकलस्वार